मरायच्या आधी माणसं काय बोलतात

भिकू म्हात्रे घरी येतो आणि त्याची बायको त्याला झापते. ज्याच्या नुसत्या नावानं बिल्डरांना घाम फुटतो, त्याला स्वतःच्या घरात बोलायची सोय नाही. प्यारीचा आवाज चढतो, मग त्याचा चढतो, आणि थोड्या वेळानं दोघंही हसत असतात. शेफाली शहा आणि मनोज बाजपेयी यांचे 'सत्या'मधले हे घरचे प्रसंग मोजकेच आहेत. पण तो सिनेमा म्हटलं की मला आधी ते आठवतात. गोळीबार नंतर आठवतो.

'सत्या' ३ जुलै १९९८ रोजी प्रदर्शित झाला. मी तो पनवेलला पाहिला, नवऱ्याबरोबर, ऐन पावसात. आमच्या उरण-पनवेल पट्ट्यात म्हात्रे, घरत, पाटील, ठाकूर, भगत ही आडनावं म्हणजे शाळेचा हजेरीपट. हिंदी सिनेमात मराठी आडनाव तोवर बहुतेक वेळा हवालदाराच्या नाहीतर मोलकरणीच्या वाट्याला यायचं. इथे समुद्राकाठच्या खडकावर उभा राहून आख्ख्या मुंबईला आव्हान देणारा माणूस म्हात्रे होता, आणि थेटरातली पोरं खुर्च्यांवर उभी राहिली होती. बाजपेयी बिहारच्या चंपारणातला. भिकूच्या बोलण्याचा ढंग आपण आपल्या स्वयंपाक्याकडून उचलला आणि तो स्वयंपाकी कोल्हापूरचा होता, असं त्यानं सांगितलेलं आहे. आडनाव आमच्या खाडीकाठचं, हेल कोल्हापूरचा, नट बिहारचा. मुंबई अशीच बनलेली आहे, म्हणून ते बोलणं कुठेही खोटं वाटलं नाही.

मला खुनामारामारीचे सिनेमे आवडतात, आणि ते का आवडतात हा प्रश्न मला आयुष्यभर विचारला गेला आहे. आईनं विचारला, सासूबाईंनी विचारला, कोर्टातल्या मैत्रिणींनी तर नेहमीच विचारला. कारण मी फौजदारी कोर्टात लघुलेखक होते. दिवसभर खुनाच्या साक्षी उतरवायच्या आणि सुट्टीच्या दिवशी पैसे मोजून पुन्हा तेच बघायला जायचं, हे त्यांना पटत नसे. मला मात्र ते तेच कधी वाटलं नाही.

या आवडीचं मूळ शोधायचं तर १९८४ च्या गणपतीत जावं लागेल. त्या साली १६ आणि १७ जानेवारीला सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आमच्या भागातले शेतकरी रस्त्यावर उतरले होते. पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण हुतात्मा झाले. त्यांच्या आठवणीसाठी जासईला आजही दर १६ जानेवारीला लोक जमतात. त्या वर्षभर गावात खाकी कपडा दिसला की बायका दार लावून घेत. अशा गावात गणपतीच्या मंडपात भाड्यानं आणलेल्या व्हीसीआरवर कुणीतरी 'अर्धसत्य' लावला. पोलिसाचा सिनेमा आहे एवढंच लोकांना माहीत होतं. पोलिसाला शिव्या घालायच्या तयारीनंच सगळे बसले होते.

आणि पडद्यावर आला ओम पुरींचा सब-इन्स्पेक्टर अनंत वेलणकर. लहानपणी बाप आईला मारताना बघत उभा राहिलेला, काही करू न शकलेला मुलगा. बाप स्वतः पोलिसात, त्यानंच मुलाला या नोकरीत ढकललं. मला त्या वयात कथेचे धागे सगळे कळले असं नाही. पण मंडपात शिवी कुणी घातली नाही, हे पक्कं आठवतं. पाहता पाहता माणसं गप्प झाली. वेलणकर कोठडीत एका भुरट्या चोराला मारत सुटतो तेव्हा माझ्या शेजारी बसलेली काकू पदर तोंडात धरून रडत होती. ती चोरासाठी रडत होती की त्याला मारणाऱ्यासाठी, ते तिला सांगता आलं नसतं.

त्या सिनेमात मला सगळ्यात जास्त भीती वाटली ती रामा शेट्टीची. सदाशिव अमरापूरकरांनी तो उभा केला. तोवरचे आमच्या माहितीतले खलनायक गडगडाटी हसायचे, त्यांच्या अड्ड्यात रंगीत दिवे उघडमीट करायचे. रामा शेट्टी घरच्या कपड्यांत बसतो आणि हळू आवाजात बोलतो, गावातला एखादा सावकार दारी आलेल्या माणसाशी बोलेल तसा. त्याला ओरडायची गरजच नाही. मोठेपणी कळलं, की गोविंद निहलानींच्या या १९८३ च्या सिनेमाला मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची होती, 'सूर्य' नावाची, आणि पटकथा विजय तेंडुलकरांची. तेंडुलकरांनी सत्तरच्या दशकात नेहरू फेलोशिप घेऊन समाजातल्या हिंसेचा अभ्यास केला होता. त्या अभ्यासाचा कागद मी पाहिलेला नाही, पण वेलणकरचा हात उठतो तेव्हा त्यामागची त्याच्या बापाची, वरिष्ठांची, हुकलेल्या बढत्यांची सगळी वर्षं त्या हातात आलेली दिसतात.

पुढे मी लघुलेखन शिकले, परीक्षा दिली, कोर्टात लागले.

सत्र न्यायालयात साक्ष कशी नोंदवतात हे बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसतं. वकील प्रश्न विचारतो, साक्षीदार आपल्या बोलीत उत्तर देतो, न्यायाधीश ते ऐकतात आणि लघुलेखकाला सांगतात. साक्ष प्रश्नोत्तरांत नव्हे, तर शक्यतो सलग कथनाच्या रूपात लिहावी असा तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचा दंडक होता. म्हणजे साक्षीदाराचं बोलणं साहेबांच्या तोंडून, स्वच्छ होऊन माझ्या कागदावर यायचं. सरतपासात 'मयत हा माझा मुलगा होता', उलटतपासात 'असे म्हणणे खोटे आहे की'. शेवटी साक्ष वाचून दाखवायची, साक्षीदारानं बरोबर आहे म्हणायचं, सही नाहीतर अंगठा.

एका म्हातारीची साक्ष मी विसरू शकत नाही. पोराचा खून झाला होता. शेवटचा कधी पाहिलास, या प्रश्नावर ती म्हणाली, दिवेलागणीला बाहेर पडला, दारातून वळून म्हणाला, "आये, बोंबील भाजून ठेव, आयलू का जेवतू." मग ती थांबली. मग पुन्हा म्हणाली, बोंबील भाजून ठेवले होते. साहेबांनी मला सांगितलं: 'घटनेच्या दिवशी सायंकाळी मयत घरातून निघून गेला. तो परत आला नाही.' मी तेवढंच लिहिलं. साहेबांचं बरोबरच होतं. कुणाला जन्मठेप द्यायची की सोडायचं हे बोंबलांवर ठरत नाही, आणि ज्या कागदावर माणसाची सुटका किंवा शिक्षा अवलंबून आहे तो कागद कोरडाच असला पाहिजे. मी त्या कोरडेपणाची आजही बाजू घेईन. पण ते बोंबील मग कुठे जायचे?

पोलिसांच्या कागदांचंही तेच. बहुतेक दोषारोपपत्रांत एक वाक्य ठरलेलं असतं: 'जुन्या भांडणाचा राग मनात धरून'. बांधावरून, नळावरून, बैलांच्या शर्यतीवरून, कुणाच्या बहिणीशी कोण बोललं त्यावरून, वर्षानुवर्षं साचत गेलेलं सगळं त्या एका वाक्यात बसवलेलं असतं. नंतर घटनास्थळाचा पंचनामा, रक्ताळलेली माती, कोयता, मुद्देमालाची यादी. खून मला कागदावर नखशिखांत दिसायचा. कुठल्या बरगडीखाली किती खोल जखम, तेही. माणूस मात्र कुठेच दिसायचा नाही, मारणारा नाही आणि मेलेलाही नाही.

तो मला सिनेमात दिसला. चांगल्या गुन्हेपटातली माणसं खुनांच्या मधल्या वेळात जगतात आणि त्या वेळात बोलतात. घरभाडं, डोकेदुखी, मित्राची थट्टा, बायकोचा रुसवा. सौरभ शुक्ला आणि अनुराग कश्यप यांनी 'सत्या' लिहिला तेव्हा हेच केलं. शुक्ला स्वतः त्यात कल्लूमामा झाले. तो जाडा, मवाळ चेहऱ्याचा माणूस टोळीचा हिशेब सांभाळतो, आणि तो कुणाच्या तरी घरातला मामाच वाटतो. म्हणून भिकू मरतो तेव्हा इतकं लागतं. निवडणूक जिंकलेला राजकारणी भाऊ जल्लोषात आहे, भिकू त्याच्या आनंदात सामील झालाय, आणि बोलता बोलता भाऊ त्याच्या डोक्यात गोळी घालतो. मरताना भिकूला भाषण नाही. आईचं नाव नाही, बायकोला निरोप नाही. एक बोलणारा माणूस होता, पुढच्या क्षणी नाही. मी उतरवून घेतलेल्या साक्षींमध्ये खून असेच झालेले होते. प्रत्यक्षदर्शीला तुम्ही काय पाहिलं विचारलं, की तो बहुतेक वेळा अर्ध्या मिनिटाची गोष्ट सांगतो.

आणखी एक दृश्य मी नोकरीभर पाहिलं. तारखेच्या दिवशी कच्च्या कैद्यांना पोलीस व्हॅनमधून आणतात. कोर्टाच्या व्हरांड्यात त्यांच्या बायका, आया, बहिणी डबा घेऊन सकाळपासून उभ्या. सोबतचा शिपाई भला असला तर दोन मिनिटं बोलू देतो. मी फायली घेऊन जाता-येता ते बोलणं कानावर यायचं. तीनशे दोनचा, म्हणजे खुनाचा आरोपी, गावात ज्याची दहशत, आणि बायको त्याला सांगत असायची: गॅस संपलाय, नंबर लावलाय पण आला नाही. तो विचारायचा, थोरल्याच्या दाखल्याचं काय झालं. ती म्हणायची, मुख्याध्यापक बापाची सही मागतात. त्यात कुठेही पश्चात्ताप नाही, धमकी नाही, अश्रू नाहीत. व्हॅनचं दार लागेपर्यंत गॅस आणि दाखला. लेखकाच्या अंगात हे बोलणं ऐकण्याची ताकद असेल तरच त्यानं गुन्हेगारावर सिनेमा लिहावा, असं माझं ठाम मत तिथे बनलं.

त्या मतानं मी पुढे सगळे सिनेमे पाहिले. विधु विनोद चोप्रांचा 'परिंदा' (१९८९) मला देखणा वाटतो, नाना पाटेकरचा अण्णा अंगावर येतो, पण तो दुःस्वप्नातून आलेला माणूस आहे, व्हरांड्यातला नाही. महेश मांजरेकरांचा 'वास्तव' (१९९९) त्याच्या सुरुवातीसाठी मी कितीदाही बघेन. पावभाजीच्या गाडीवरची बाचाबाची, त्यातून हातून झालेला खून, आणि तिथून पुढे परतीची वाट नाही. गाडीवरचा तो प्रसंग शंभर टक्के खरा आहे. कुठल्याही कोर्टात जाऊन विचारा.

'ब्लॅक फ्रायडे'बद्दल मात्र थांबून बोललं पाहिजे. १२ मार्च १९९३ च्या मुंबईतल्या साखळी बॉम्बस्फोटांत २५७ माणसं गेली. एस. हुसेन झैदींच्या पुस्तकावरून अनुराग कश्यपनं सिनेमा केला. तो तयार झाला तेव्हा टाडा न्यायालयातला खटला संपलेला नव्हता. आरोपींनी आक्षेप घेतला, मुंबई उच्च न्यायालयानं प्रदर्शन थांबवलं, आणि सिनेमा लोकांपर्यंत यायला २००७ उजाडलं. तेव्हा अनेकांनी त्याला गळचेपी म्हटलं. मी कोर्टाच्या बाजूची होते आणि आजही आहे. निकालाआधी पडद्यावर कुणाला दोषी दाखवणं हा त्या माणसावर अन्याय, मग तो माणूस कुणीही असो. पण सिनेमा पाहिला तेव्हा मी थक्क झाले. त्यात झोपडपट्टीतला एक पाठलाग आहे. संशयित पळतोय, मागे पोलीस. गल्ल्या, गटारं, पत्रे. पळता पळता पोलिसांना धाप लागते, ते कमरेवर हात ठेवून उभे राहतात, चालायला लागतात, पळणाराही दमतो, तोही चालतो. पोट सुटलेल्या, रात्रपाळी केलेल्या माणसांचा पाठलाग असाच होणार. आणि बादशहा खान! स्फोटांनंतर तो गावोगाव भटकतो, पैसे संपतात, पासपोर्ट येत नाही, ज्यांच्यासाठी केलं त्यांनी वाऱ्यावर सोडलंय हे त्याला हळूहळू कळतं. आदित्य श्रीवास्तवनं ते ज्या थकल्या चेहऱ्यानं केलंय, त्यात त्याच्या कृत्याला कुठेही माफी नाही. पण एवढं भयंकर कृत्य करणारा माणूस कुठल्या मातीचा असतो ते मात्र दिसतं, आणि ते कळणं मला निकालाइतकंच गरजेचं वाटतं.

एन्काउंटरचे सिनेमे मी बघते ते कपाळाला आठी घालून. शिमित अमीनचा 'अब तक छप्पन' (२००४) त्यातला सगळ्यात चांगला. नानाचा साधू आगाशे घरी बायकोशी, चौकीत पोरांशी ज्या सहज सुरात बोलतो, तसं बोलणारे अधिकारी मी साक्षीला आलेले पाहिलेत. तरीही थेटरात टाळ्या पडायला लागल्या की मला अस्वस्थ व्हायचं. एन्काउंटरमध्ये मेलेल्या माणसाची बाजू कुणी लिहून घेत नाही. उलटतपास होत नाही. ज्या खोलीत मी आयुष्य काढलं, ती खोलीच त्या गोष्टीतून वगळलेली असते. अभिजित पानसे यांच्या 'रेगे'नं (२०१४) ही अस्वस्थता सरळ समोर ठेवली. चांगल्या घरातला, शिकणारा मुलगा, त्याला या जगाची भुरळ पडते, आणि ती भुरळ त्याला कुठे नेते ते पाहवत नाही.

मग २०१८ मध्ये प्रवीण तरडेंचा 'मुळशी पॅटर्न' आला, आणि इतक्या वर्षांनी एका सिनेमानं मला थेट माझ्या गावात आणून उभं केलं. गोष्ट पुण्याजवळच्या मुळशीची आहे. जमीन विकली, पैसा आला तसा गेला, आणि पाटील म्हणून मिरवलेल्या बापावर हलकी कामं करायची वेळ आली. मोहन जोशींनी तो बाप केलाय. आमच्याकडे जमीन सिडकोनं घेतली, पुढे तिच्या मोबदल्यात साडेबारा टक्क्यांचे भूखंड आले, त्यांचे व्यवहार झाले, दारात गाड्या उभ्या राहिल्या. आणि मग मी साक्षी लिहायच्या त्या खटल्यांत ओळखीची आडनावं वाढत गेली. म्हणून सिनेमातल्या त्या बापाच्या पोराचं, ओम भूतकरच्या राहुल्याचं, बोलणं मी ऐकत होते तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर मुळशी नव्हतीच. ती भाषा मावळातली, पण त्यातली धग, बापावरचा राग आणि बापासाठीचा जीव, हे मी आमच्या व्हरांड्यात ऐकलं होतं.

याच सिनेमाच्या बाबतीत एक गोष्ट मला फार लागली. माझा भाचा आणि त्याचे मित्र यांना त्यातले राहुल्याचे डायलॉग तोंडपाठ होते. मोबाईलच्या स्टेटसवर तेच, वाढदिवसाच्या फ्लेक्सवर तेच, पार्श्वभूमीला गाणं. मी त्याला विचारलं, त्या पोराच्या बापाचं काय होतं रे? त्याला नीट सांगता येईना. त्यानं सिनेमा तुकड्या-तुकड्यांनीच पाहिला होता, पोरगा कोयता घेऊन चालतो तेवढेच तुकडे. मी त्याला समोर बसवून पूर्ण दाखवला. बापाचे प्रसंग आले तेव्हा तो मोबाईल बाजूला ठेवून बघत होता. नंतर स्टेटस बदललं की नाही ते मी तपासायला गेले नाही. पण यातला दोष तुकडे करणाऱ्यांइतकाच सिनेमा करणाऱ्यांचाही आहे, असं मला वाटतं. कोयत्याच्या प्रसंगाला ढोल-ताशा आणि बापाच्या प्रसंगाला शांतता दिली, की पोरं कुठल्या बाजूला जाणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

चैतन्य ताम्हाणेच्या 'कोर्ट'मध्ये (२०१४) न्यायाधीश साक्षीदाराचं बोलणं ऐकतात आणि टंकलेखकाला स्वच्छ करून सांगतात, हे पुन्हा पुन्हा दिसतं. त्यात ना सुरा आहे ना पिस्तूल. तरीही तो पाहून मी रात्रभर जागी होते. माझ्या कामाकडे असं कॅमेरा लावून कुणीतरी बघितलं होतं.

आता मी निवृत्त आहे. नव्या मालिका, नवे सिनेमे घरबसल्या दिसतात, आणि रक्त पूर्वीपेक्षा पुष्कळ जास्त असतं. बरेच मी अर्ध्यावर बंद करते. माझी कसोटी सोपी आहे. पहिल्या खुनाच्या आधी तो मरणारा माणूस मला एकदा तरी कशाबद्दल तरी साधं बोलताना दिसला पाहिजे. पोटाबद्दल, पोराबद्दल, उद्याच्या कामाबद्दल. नाही दिसला, तर त्याच्या मरण्याचं मला काही वाटणार नाही, आणि मरणाचं काही न वाटायची सवय मला लावून घ्यायची नाही.

तुमच्या घरात सोळा-सतरा वर्षांचं पोर असेल आणि त्याला असल्या सिनेमांचं वेड असेल, तर ओरडू नका, टीव्ही बंद करू नका. त्याच्या शेजारी बसा आणि 'अर्धसत्य' लावा, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मध्ये न थांबवता. मग 'सत्या'. प्यारी बोलायला लागली की मात्र त्याला मोबाईल बघू देऊ नका.